चार दरवाजा पाडला, मग बंड संपलं का?

सम्या रंकाळा

गेल्या रविवारी पोराला घेऊन पन्हाळ्यावर गेलो होतो. पावसाची भुरभुर, भाजलेलं कणीस, झुणका-भाकरी, सगळं रीतसर झालं. चार दरवाज्याच्या पडक्या अवशेषांपाशी थांबलो. पोरगं सातवीत आहे, प्रश्न विचारायची खोड आहे. "बाबा, एवढा मोठा दरवाजा पाडला कुणी?" म्हटलं इंग्रजांनी, १८४४ साली, गडकऱ्यांनी बंड केलं म्हणून. "मग बंड संपलं?" म्हटलं, संपलंच की.

घरी येऊन जरा चाळलं तर तेरा वर्षांनी, १८५७ ला, कोल्हापुरात पुन्हा तोफा. म्हणजे मी पोराला चुकीचं सांगितलं.

त्याच रात्री आमच्या तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेहमीचं भांडण पेटलं. एक पार्टी म्हणते, लष्कर घुसवा आणि विषय संपवा. दुसरी म्हणते, एक मारला की दहा तयार होतात. दोन्ही बाजू वर्षानुवर्षं हीच वाक्यं टाकतायत. मला खरंच जाणून घ्यायचंय. सशस्त्र चळवळ फौजेनं मोडता येते, की फौजेमुळंच तिला माणसं मिळतात? घोषणा नकोत. ज्यानं काही पाहिलंय, वाचलंय त्यानं लिहा.

तांबडा पांढरा

भावा, एवढा विचार कशाला? श्रीलंका बघ. सव्वीस वर्षं वाटाघाटी, युद्धबंदी, नॉर्वेवाले मध्यस्थ, सगळं करून झालं. शेवटी २००९ च्या मे महिन्यात फौजेनं तमिळ बंडखोरांच्या एलटीटीईचा म्होरक्या प्रभाकरन मारला, विषय कट. त्यानंतर तिथं एक तरी बॉम्बस्फोट एलटीटीईनं केला का? नाही. जगात सगळ्यात कडवी म्हणवली जाणारी संघटना, स्वतःचं आरमार, स्वतःची विमानं. गेली ना? "बंदुकीनं प्रश्न सुटत नाही" हे एसीत बसणाऱ्यांचं वाक्य आहे.

सुभेदार (नि.)

मी गडहिंग्लज भागातला. लिहायची सवय न्हाई, चुकलं तर सांभाळून घ्या.

तांबडा पांढरा, तुम्ही शेवटचं पान वाचलंय. मी मधलं पान सांगतो. १९८७ च्या ऑगस्टात आमची पलटण भारताच्या शांतिसेनेत श्रीलंकेत, जाफन्याजवळ पलालीला उतरली. माझं वय बावीस. जाफनाच्या लोकांनी हार घातले आम्हाला. शहाळी दिली. आमच्या चौकीसमोर एक शाळा होती, तिथली पोरं रोज चार वाजता बिस्किटं मागायला यायची. आम्हाला तमिळ येत न्हाई, त्यांना मराठी-हिंदी येत न्हाई, पण बिस्किटाला भाषा लागत न्हाई.

ऑक्टोबरात एलटीटीईबरोबर लढाई लागली. मग कॉर्डन, झडत्या, घराघरात बूट. त्यात आमचे पडले, त्यांचे पडले, आणि मधल्यामधी गावचे पण पडले. हे मी लपवत न्हाई. त्यानंतर पोरं यायची बंद झाली.

एका दुपारी चार वाजून गेले, रस्त्यावर चिटपाखरू न्हाई. आमचा हवालदार लई जुना माणूस, नागालँड बघितलेला. म्हणाला, "आज गाडी काढू नका. पोरांना काहीतरी ठावं हाय." सुरुंग होता, दीडशे मीटरवर. आदल्या महिन्यात असतं तर एखाद्या पोरानं हातवारे करून सांगितलं असतं आम्हाला.

तर माझं म्हणणं एवढंच. गोळ्या किती आहेत ते बघू नका. गाव कुणाला खबर देतंय ते बघा. मार्च १९९० मध्ये आम्ही परत आलो. सुमारे बाराशे जवान तिथं ठेवून आलो.

तांबडा पांढरा

साहेब, तुम्हाला सलाम. पण मग २००९ ला श्रीलंकेच्या फौजेला कुठल्या गावानं खबर दिली? त्यांनी तर सरळ तोफा लावल्या.

बिंदू चौक

तांबडा पांढरा, दिली. करुणानं दिली. एलटीटीईचा पूर्वेकडचा सेनापती २००४ मध्ये फुटला, येताना हजारो पोरं आणि पूर्वेची सगळी माहिती घेऊन आला. प्रभाकरनचं अर्धं घर तिथंच पडलं. त्यानंतर श्रीलंकेच्या नौदलानं शस्त्रं आणणारी जहाजं भर समुद्रात बुडवली. शिवाय शेवटच्या वर्षांत एलटीटीई घरटी एक पोर जबरदस्तीनं उचलत होती, त्यामुळं त्यांच्याच ताब्यातल्या वन्नी भागातल्या आयासुद्धा त्यांच्या नावानं बोटं मोडत होत्या. तोफा त्यानंतरच्या. आणि त्या तोफांचा हिशेबही मांडायला हवा: संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळानं २०११ मध्ये म्हटलं की शेवटच्या टप्प्यात ४०,००० पर्यंत सामान्य माणसं मेली असू शकतात. हा विजय असेल तर कुणाला परवडेल ते ज्यानं त्यानं ठरवावं.

पण एलटीटीई मोठी कशी झाली तेही बघा. जुलै १९८३ मध्ये त्यांनी जाफन्यात दबा धरून १३ सैनिक मारले. तोवर ती मूठभर पोरांची टोळी होती. त्यानंतर कोलंबोत तमिळांची घरं-दुकानं जाळली, माणसं मारली, सरकार बघत बसलं. पुढच्या काही महिन्यांत भरतीला रांगा लागल्या. प्रभाकरननं जन्मभर भाषणं केली असती तरी एवढी पोरं जमली नसती.

आता सम्याच्या मूळ मुद्द्याकडं. मी निवृत्त इतिहास शिक्षक, त्यामुळं थोडं लांबेल.

गडकरी म्हणजे गडावर पिढ्यान् पिढ्या राहणारी शिबंदी. पगार नाही, त्याऐवजी गडाखालच्या जमिनी. त्यावर त्यांची घरं चालत. छत्रपती लहान होते, म्हणून इंग्रजांनी कारभार दाजी कृष्ण पंडितांच्या हाती दिला. त्यांनी "सुधारणा" काढली: गडाच्या जमिनी मामलेदाराच्या ताब्यात. कागदावर अगदी नीटनेटकी सुधारणा. गडकऱ्यांच्या दृष्टीनं चूल विझली. सामानगडानं दरवाजे लावून घेतले, मग भुदरगड. बेळगावाहून फौज आली. ऑक्टोबर १८४४ मध्ये सामानगड पडला, डिसेंबरात पन्हाळा. मधल्या काळात कर्नल ओव्हान्स नावाचा बडा अधिकारी गडकऱ्यांनी पकडून पन्हाळ्यावर कोंडला होता, हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही.

लढाई इंग्रजांनी जिंकली, यात वाद नाही. पण वणवा सावंतवाडीत गेला, मनोहर-मनसंतोष गडावर पुन्हा लढाई, उरलेले गोव्याच्या हद्दीत पसार. मग इंग्रजांनी गडांची तटबंदी पाडली, गडकरी ही संस्थाच मोडली. आणि जुलै १८५७ च्या शेवटी कोल्हापुरातली इंग्रजांची २७ वी देशी पलटण उठली. डिसेंबरात शहराचे दरवाजे पुन्हा बंद, कर्नल जेकबनं ते तोफेनं उडवले. छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांना कराचीला नेलं, ते तिथंच १८६९ मध्ये वारले. आपण त्यांच्या नावाच्या चौकातून रोज सिग्नल तोडून जातो.

म्हणजे पोराचा प्रश्न बरोबर होता. त्याला माझ्याकडून पेढा.

नॅशनल परमिट

मी गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीचं कास्टिंग घेऊन लुधियानाला जायचो, १९८३ ते १९९६. पुस्तकं वाचलेली नाहीत पण पंजाब टायरखालून बघितलाय.

राजपुऱ्याच्या पुढं एक ढाबा होता, आमचा ठरलेला. मालक सरदारजी, मोठा मायाळू. मला "कोल्हापुरी" म्हणायचा आणि दालमध्ये तूप जास्त घालायचा. जून ८४ ला लष्कर सुवर्णमंदिरात गेलं, तेव्हा गुरू अर्जनदेवांच्या शहीदीचा दिवस होता, आत यात्रेकरू होते. त्यानंतर दोन महिन्यांनी मी गेलो तर त्यानं पगडी काळी बांधलेली. तूप घातलं, पण बोलला नाही. त्याचा भिंद्रानवालेशी काही संबंध नव्हता, उलट आधी शिव्या द्यायचा. अनेक शीख पलटणींतले जवान बॅरेक सोडून निघाले होते तेव्हा. मग ऑक्टोबरात इंदिराबाई गेल्या, आणि दिल्लीत जे शिखांचं झालं ते तर कुणी विसरणारच नाही. आपल्याकडचं सांगायचं तर जनरल वैद्य, मराठी माणूस, लष्करप्रमुख होते त्या वेळी. निवृत्त होऊन पुण्यात राहिले, ऑगस्ट १९८६ मध्ये बाजारातून घरी येताना गाडीतच गोळ्या घातल्या.

मे ८८ ला तेच मंदिर, पुन्हा अतिरेकी आत. या वेळी पंजाब पोलिसांचे प्रमुख गिलसाहेब, त्यांनी वीज-पाणी तोडलं, वेढा घातला, पत्रकारांना समोर बसवलं आणि वाट बघितली. हात वर करून बाहेर आले. मंदिराला ओरखडा नाही. ढाब्यावर त्याच मालकानं टीव्ही बघत सांगितलं, "अंदर गंद कर रखा था इन्होंने." मंदिरात त्यांनी जे केलं होतं ते लोकांना दिसलं ना.

पण लगेच संपलं असं नाही, उलट ९०-९१ सगळ्यात वाईट. संध्याकाळी सहाला ढाबा बंद, दिवासुद्धा विझवायचे. मालकानं एकदा रडत सांगितलं, रात्री पोरं येतात, रोटी मागतात, पैसे मागतात, पोरीकडं बघतात. सकाळी पोलीस येतात, रोटी का दिली म्हणून बडवतात. "मैं किसकी सुनूँ, कोल्हापुरी?"

९३ च्या हिवाळ्यात गेलो तर रात्री अकराला ढाबा चालू, ट्यूबलाइट पेटलेली. मी आधी विचारलं, काय झालं? म्हणाला, लोकांनी सांगायला सुरुवात केली. कोण कुठं झोपतो ते.

कसबा बावडा, सध्या पुणे

चर्चा भारी चाललीय. थोडी आकडेवारी टाकतो. रँड या अमेरिकन संस्थेनं २००८ मध्ये ६४८ दहशतवादी गट तपासले, १९६८ ते २००६ मधले. जे संपले त्यातले ४३ टक्के राजकारणात येऊन संपले, ४० टक्के पोलीस आणि गुप्तचरांमुळं, आणि लष्करी बळामुळं फक्त ७ टक्के. १० टक्के जिंकले म्हणून थांबले.

तांबडा पांढरा

बघा, आली आकडेवारी. त्यात पाच जणांची टोळी पण एक गट आणि वीस हजारांची फौज पण एक गट, असंच ना?

कसबा बावडा, सध्या पुणे

हो, हे बरोबर पकडलंस. त्याच अभ्यासात म्हटलंय की मोठ्या, हत्यारबंद, प्रदेश धरून बसलेल्या बंडखोरांपुढं लष्कर जास्त उपयोगी पडतं. शहरात लपलेल्या छोट्या गटावर रणगाडा सोडला की शेजारीच मरतो.

पोलिसी कामाचं मला आवडणारं उदाहरण पेरूचं. शायनिंग पाथ नावाचे माओवादी, भयंकर क्रूर. लष्करानं डोंगरात गावंच्या गावं झोडपली, हजारो मेले, चळवळ वाढतच गेली. मग पोलिसांच्या एका छोट्या पथकानं लिमामध्ये एका घराचा कचरा तपासायला सुरुवात केली. वर डान्स क्लास, पण कचरा एका बाईच्या मानानं फार. सिगारेटची थोटकं विशिष्ट ब्रँडची, त्वचारोगाच्या मलमाच्या ट्यूब. त्यांचा गुरू गुझमान, त्याला सोरायसिस होता. सप्टेंबर १९९२ मध्ये एकही गोळी न मारता पकडला. संघटना त्यानंतर कोसळली. आणि डोंगरातल्या शेतकऱ्यांनी स्वतःच गस्ती सुरू केल्या होत्या, कारण शायनिंग पाथवाले आठवडी बाजार बंद करायचे. बाजार बंद केला की शेतकरी कुणाचाच राहत नाही, हे आपल्या वडगावच्या बाजारात कुणालाही विचारा.

आज्जीचा नातू

सुभेदार काकांचा खबरेचा मुद्दा वाचून आज्जी आठवली. तिचं माहेर कुंडलजवळ. क्रांतिसिंह नाना पाटलांचं पत्री सरकार तिनं लहानपणी पाहिलेलं. १९४३ ते ४६, तीन वर्षं इंग्रजांचे पोलीस गावोगाव फिरत होते, नानांवर बक्षीस लावलेलं, पण नाना हाती लागले नाहीत. आज्जीच्या घरी बळदात एक माणूस आठ दिवस होता. वर ज्वारी, खाली माणूस. फौजदार ओट्यावर बसून चहा प्यायला आणि गेला. गावात दीडशे उंबरे, सगळ्यांना ठाऊक, एकानं तोंड उघडलं नाही. का? तर त्यांनी सावकाराला वठणीवर आणलं होतं, भांडणं गावात मिटवत होते, कमी खर्चात गांधी-विवाह लावत होते. सरकारी कोर्टात जे वर्षानुवर्षं लटकलं असतं ते एका रात्रीत.

इकडं गारगोटीच्या कचेरीवर डिसेंबर ४२ मध्ये गोळीबार झाला, सात जण हुतात्मा झाले. त्यानंतर भुदरगडातली पोरं घरी बसली का? उलट.

करवीर गर्जना

आज्जीचा नातू, शब्द जपून वापर!!! क्रांतिसिंहांचं नाव दहशतवाद्यांच्या धाग्यात घ्यायला लाज वाटली नाही? कुठं स्वातंत्र्याची लढाई आणि कुठं हे देशाचे दुश्मन!!!

आज्जीचा नातू

मी तुलना केली नाही हो. पोलिसांना खबर का मिळाली नाही, एवढंच सांगितलं. आणि खरं सांगायचं तर आज्जी दुसरीही गोष्ट सांगायची. पत्री हे नाव कशावरून पडलं? लोक म्हणत, तळपायावर पत्री ठोकतात म्हणून. फितुराला शिक्षा होती. शेजारच्या गावातला एक माणूस पोलिसांकडं जाऊन आला, पुढं तो नीट चालू शकला नाही. आज्जी म्हणायची, "प्रेम व्हतं, पर भ्या बी व्हतं." त्यामुळं गाव गप्प आहे म्हणजे गाव पाठीशी आहेच, असं मला धरता येत नाही. हा मुद्दा माझ्याच बोलण्याच्या विरोधात जातो, पण आहे तो आहे.

संपादक मंडळ

करवीर गर्जना यांचे पुढचे दोन प्रतिसाद काढले आहेत. काश्मीर आणि गाझा यांवर वेगळे धागे चालू आहेत, तिकडे लिहावे. उद्गारचिन्ह एक पुरते.

कागलकर बाई

चार दिवस नुसती वाचत होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, २००६ ते २०१५ गडचिरोलीतल्या भामरागड तालुक्यात, नक्षलवाद्यांच्या भागात. माहेर कागल. ऑर्डर आली तेव्हा आईनं अंबाबाईला नारळ बोलला होता, बदली रद्द व्हावी म्हणून. देवीनं ऐकलं नाही.

आज्जीच्या नातवानं जे शेवटी लिहिलं ते मला सगळ्यात पटलं. तिथले माडिया आदिवासी नक्षलवाद्यांना "दादालोक" म्हणत, किंवा नुसतं "आतले". १९८० च्या आसपास ते आले तेव्हा तेंदूपत्त्याची आणि बांबूची मजुरी वाढवून घेतली, जंगल खात्याच्या गार्डाची कोंबडी-बकरीची वसुली बंद केली. म्हातारी माणसं हे आदरानं सांगत. त्यांचीच नातवंडं कुजबुजत सांगत की परवा अमक्याला "खबऱ्या" म्हणून नेला आणि चिठ्ठी ठेवून रस्त्यावर टाकला. एकाच घरात, एकाच चुलीपाशी ही दोन्ही वाक्यं ऐकलीत मी.

८ ऑक्टोबर २००९ ला लाहेरीजवळ १७ पोलीस मारले. निवडणूक तोंडावर होती. त्यानंतरचे सहा महिने मी विसरू शकत नाही. शाळेत पटावर बेचाळीस, हजर अकरा. बापांना चौकशीला नेत, पोरं आईबरोबर जंगलात. त्याच सुमारास पलीकडं छत्तीसगडात सलवा जुडूम चालू होतं. सरकारनंच गावकऱ्यांच्या हातात बंदुका दिल्या, गावं उठवून छावण्यांत आणली. इंद्रावती ओलांडून माणसं आमच्याकडं येत, अंगावरच्या कपड्यानिशी. जी आमच्याकडं आली नाहीत ती कुठं गेली, हे विचारायची गरज नव्हती. एप्रिल २०१० मध्ये चिंतलनारजवळ ७६ जवान एका सकाळी गेले. पुढं २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते जुडूम घटनाबाह्य ठरवलं.

तांबडा पांढरा

बाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण मग आत्ता काय झालं? मे २०२५ मध्ये माओवाद्यांचा सरचिटणीस बसवराजू छत्तीसगडच्या अबुझमाडमध्ये मारला, नोव्हेंबरात त्यांचा कमांडर हिडमा. त्याआधी २०२१ ला आपल्या सी-६० नं मर्दिनटोल्यात मिलिंद तेलतुंबडेसह २६ जण टिपले. फौजेनंच संपवलं ना? मग एवढी वर्षं उगाच हात बांधून ठेवले म्हणायचे.

कागलकर बाई

सी-६० म्हणजे कोण, ते बघा ना. १९९० मध्ये काढलेलं पथक, त्यातली बरीच पोरं तिथलीच, माडिया-गोंडी बोलणारी. त्यांना पायवाट विचारावी लागत नाही. माझ्या शाळेतला एक त्यात आहे. बाहेरून आलेल्या पोलिसाला माडिया बाई फक्त "माहीत नाही" म्हणायची, कारण तिला त्याचा प्रश्नच कळायचा नाही आणि तो तिच्यावर ओरडायचा. या पोरानं विचारलं की आधी "आयो, जेवलीस का" विचारणार.

आणि दुसरं, जे बातमीत येत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, मग बांबू विकायचा हक्क. मग कित्येक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करायला लागल्या. मजुरी वाढवून द्यायला दादालोकांची गरज उरली नाही, उलट तेच ग्रामसभेकडं वर्गणी मागायला लागले. तिथं त्यांचं बिनसलं. गोळी त्यानंतर लागू पडली. गोळीच नव्हती असं मी म्हणत नाही, रस्ते आणि पोलीस मदत केंद्रं बंदुकीच्या पहाऱ्यातच झाली.

आणखी एक. जानेवारी २०२५ मध्ये त्यांची मोठी नेती तारक्का शरण आली, ऑक्टोबरात तिचा नवरा भूपती, ६० जणांना घेऊन, गडचिरोलीत, मुख्यमंत्र्यांसमोर. जो माणूस अख्खं आयुष्य आत होता तो बाहेर येऊन म्हणाला की हत्यार ठेवायला हवं, त्याचं ऐकून मागचे आले. त्याला मारला असता तर त्यातले निम्मे कुठं गेले असते, मला ठाऊक नाही.

नॅशनल परमिट

पंजाबचं एक राहिलं. माझ्या ढाबेवाल्याचा पुतण्या ९२ ला पोलिसांनी उचलला, परत आला नाही. अतिरेकी नव्हता. जसवंतसिंग खालरा नावाच्या माणसानं अशा बेवारस म्हणून जाळलेल्या प्रेतांची नोंद स्मशानातून काढली, तर ९५ ला त्यालाच उचलून मारला. त्या खुनाबद्दल पुढं पोलिसांना शिक्षा झाली. ढाबा आता त्याचा पोरगा चालवतो. शांतता आहे, धंदा आहे. पण पुतण्याचा फोटो गल्ल्याच्या वर आहे, हार घातलेला.

बिंदू चौक

मिझोरामचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून दोन ओळी. मार्च १९६६ मध्ये आपल्याच वायुदलानं ऐझॉलवर बॉम्ब टाकले. गावं उठवून रस्त्याकडेला वसवली. वीस वर्षं निघाली. १९८६ च्या जूनमध्ये करार झाला आणि ज्यानं बंड केलं तो लालडेंगा मुख्यमंत्री झाला. बंड सुरू कशावरून? बांबूला फुलोरा आला, उंदीर वाढले, दुष्काळ पडला आणि दिल्लीनं-आसामनं लक्ष दिलं नाही. त्यांच्या संघटनेचं मूळ नावच दुष्काळ निवारणाचं होतं. इथंही गडकऱ्यांसारखीच, चूल आधी.

आपल्याच कोल्हापुरात निवृत्तीनंतर राहिलेले जनरल एस. पी. पी. थोरात १९५७ पासून पूर्व विभागाचे प्रमुख होते. नागा भागातलं लष्करी काम त्यांच्याच हाताखाली. फौज लढत असतानाच नागा नेत्यांबरोबर १९६० मध्ये सोळा कलमी करार झाला, १९६३ मध्ये राज्य मिळालं. तरी एक गट लढतच राहिला. म्हणजे करार हाही रामबाण नाही, तांबडा पांढऱ्याला हे माझ्याकडून देऊन टाकतो.

सम्या रंकाळा

एवढं येईल असं वाटलं नव्हतं. पोराला दोन-तीन प्रतिसाद वाचून दाखवले, त्याला कचऱ्यातल्या मलमाची गोष्ट आवडली. आता तो घरचा कचरा तपासतोय आणि मी किती गुटखा खातो ते आईला सांगतोय. खबर फुटली.

सुभेदार (नि.)

बाई, एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही नऊ वर्षं तिथं होता. दोन्ही बाजूंना तुमची गरज पडली असणार. तुम्ही कधी कुणाला खबर दिली का?

कागलकर बाई

राग कसला, दादा. हे मला घरच्यांनीसुद्धा कधी विचारलं नाही.

२०१० चा पावसाळा. पर्लकोटेला पूर, भामरागडचा संपर्क तुटलेला. रात्री दार वाजलं. पाच जण, चौघांकडं बंदुका. मधे एक पोरगी, तापानं थरथरत होती. कंदील वर केला तर माझीच विद्यार्थिनी, दोन वर्षांपूर्वी सातवीतून गेलेली. पाढे सुरेख म्हणायची. ती माझ्याकडं न बघता जमिनीकडं बघत होती. मी मलेरियाच्या गोळ्या दिल्या, पेज करून दिली. अर्ध्या तासात गेले. जाताना तिनं ताट विसळून पालथं ठेवलं, शाळेत शिकवलं होतं तसं.

दोन दिवसांनी गस्त आली. साहेबांनी विचारलं, "रात्री कोण आलं होतं?" त्यांच्या मागं गावचा एक म्हातारा हात बांधून उभा होता, ओठ फुटलेला. मी म्हटलं, "कुणी नाही."

२०१४ ला मदत केंद्रावर दुसरे अधिकारी होते. त्यांच्या शिपायांनी एका बाळंतिणीला खाटेवर घालून नाला पार करून दिला होता, रात्री, छातीएवढ्या पाण्यातून. पोर जगलं. त्यानंतर महिन्याभरात त्यांनी मला विचारलं, पलीकडच्या टोल्यावर नवीन पोरं कोण येतायत, शाळकरी मुलांना न्यायचं चाललंय का? मी सांगितलं. दोन नावं सांगितली. मला वाटलं माझी मुलं वाचतील. तीन मुलं वाचलीही, आश्रमशाळेत हलवली. ज्या दोघांची नावं मी दिली त्यातला एक चकमकीत गेला. तोही कुणाच्या तरी वर्गात बसला असेल.

तिचं काय झालं मला कळलं नाही. चकमकीची यादी आली की वाचते, शरण आलेल्यांची आली की तीही वाचते. पण आत गेल्यावर नाव बदलतात ना.